सर्वोच्च न्यायालय स्वतःचाच जुना निर्णय फिरवते, तेव्हा नागरिकाने त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

इतिहासवाचक (मूळ प्रश्न)

निरनिराळ्या देशांच्या सर्वोच्च न्यायालयांनी स्वतःचे पूर्वनिर्णय केव्हा आणि कोणत्या कारणांनी फिरवले, याचे वाचन सध्या करतो आहे. त्यातून उभा राहिलेला एक पेच इथल्या जाणकारांपुढे ठेवावासा वाटतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली 'रो विरुद्ध वेड' या प्रकरणात गर्भपाताच्या निर्णयाला राज्यघटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले, आणि २४ जून २०२२ रोजी 'डॉब्स' प्रकरणात त्याच न्यायालयाने ते संरक्षण काढून घेतले. मधल्या काळात राज्यघटनेतील संबंधित तरतुदीचा एक शब्दही बदललेला नव्हता. निकालाचा मसुदा मे महिन्यातच फुटला होता. जूनमध्ये अंतिम निकाल येण्याआधी गॅलप या जनमत चाचणी संस्थेने केलेल्या पाहणीत न्यायालयावर भरपूर किंवा बराच विश्वास असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर उतरले होते, जे आदल्या वर्षी ३६ टक्के होते.

याच्या नेमके उलटे उदाहरण भारतातले आहे. आणीबाणीत अटक झालेल्या माणसाला आपल्या स्थानबद्धतेविरुद्ध उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची दाद मागता येणार नाही, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी 'एडीएम जबलपूर' प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने दिला. एकट्या न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी भिन्नमत नोंदवले. हा निर्णय न्यायालयाने स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरवला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी.

निर्णय फिरवला तर माणसे बदलली की कायदा बदलतो असे दिसते, आणि नाही फिरवला तर उघड अन्याय दशकानुदशके कायदा म्हणून उभा राहतो. न्यायमूर्ती बदलले म्हणून झालेला बदल आणि चूक उमगली म्हणून झालेला बदल यांतला फरक सामान्य नागरिकाला ओळखता येईल, अशी काही कसोटी आहे का?

सनदधारक

आपल्या प्रश्नात दोन वेगळी बंधने एकत्र आली आहेत, ती आधी सुटी करू. वरच्या न्यायालयाचा निर्णय खालच्या न्यायालयांवर बंधनकारक असतो हे एक, आणि सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या शब्दाने बांधलेले असते का हे दुसरे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा भारतातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. मात्र या 'सर्व न्यायालयां'मध्ये सर्वोच्च न्यायालय स्वतः मोडत नाही, हे १९५५ च्या 'बेंगाल इम्युनिटी' निकालात चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरले, आणि तेही अवघ्या दोन वर्षांपूर्वीचा स्वतःचा निर्णय बाजूला सारताना. इंग्लंडचा मार्ग वेगळा होता. तेव्हा तिथले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९८ मध्ये स्वतःला स्वतःच्या निर्णयांनी बांधून घेतले आणि ती गाठ सोडवायला १९६६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लॉर्ड चान्सलर गार्डिनर यांनी सर्व विधिज्ञ लॉर्डांच्या वतीने एक निवेदन वाचून दाखवले आणि पूर्वनिर्णयापासून दूर जाण्याची मुभा यापुढे घेतली जाईल असे जाहीर केले. अडुसष्ट वर्षे कडक बंधन पाळून पाहिल्यावर त्याच न्यायसंस्थेला ते अन्यायाला आणि कायद्याच्या वाढीच्या अडवणुकीला कारण ठरू शकते असे मान्य करावे लागले, ही गोष्ट या चर्चेत नेहमी लक्षात ठेवावी असे मला वाटते.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. अमेरिकेत सगळे न्यायमूर्ती एकत्र बसतात. आपल्याकडे दोन किंवा तीन न्यायमूर्तींची पीठे एकाच वेळी अनेक दालनांत काम करतात, त्यामुळे 'न्यायालयाचे मत' एकाच वेळी अनेक ठिकाणी घडत असते. म्हणून इथली शिस्त पीठाच्या आकारावर उभी आहे. छोट्या पीठाला मोठ्या पीठाचा निर्णय नाकारता येत नाही, फार तर सरन्यायाधीशांकडे प्रकरण मोठ्या पीठापुढे ठेवण्याची विनंती करता येते, हे 'दाऊदी बोहरा' प्रकरणात २००४ साली घटनापीठाने स्पष्ट केले. खासगीपणाच्या प्रश्नावर २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्ती बसवावे लागले त्याचे कारणही हेच, कारण वाटेत १९५४ चा आठ न्यायमूर्तींचा 'एम. पी. शर्मा' आणि १९६२ चा सहा न्यायमूर्तींचा 'खडक सिंग' हे दोन निर्णय उभे होते.

आता आपल्या कसोटीकडे येतो. माझ्या मते पहिला प्रश्न असा विचारावा की जुन्या निर्णयाखालची जमीन आधीच सरकलेली होती का. 'खडक सिंग' ज्या समजुतीवर उभा होता ती १९५० च्या 'गोपालन' निकालातली होती. प्रत्येक मूलभूत अधिकार स्वतंत्र कप्प्यात आहे आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात डोकावता येत नाही, अशी ती समजूत. ती १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात मोडली आणि १९७८ च्या 'मनेका गांधी' निकालाने पूर्णपणे मागे पडली. त्यामुळे २०१७ मध्ये 'पुट्टस्वामी' प्रकरणात नऊही न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाचा अधिकार मान्य केला, तेव्हा ते अचानक घेतलेले वळण नव्हते. चाळीस-पन्नास वर्षे चाललेल्या वाटेचे ते पुढचे पाऊल होते, आणि ती वाट निकालपत्रे वाचून कोणालाही पडताळून पाहता येते.

'एडीएम जबलपूर'बद्दल एक पुरवणी. एक्केचाळीस वर्षे तो निर्णय पुस्तकात राहिला हे खरे, पण त्याचा डंख १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काढला होता. आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ खालील अधिकारांची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद संसदेने केली. म्हणजे तिथे चूक आधी लोकप्रतिनिधींनी दुरुस्त केली आणि न्यायालय नंतर आले. २०१७ च्या याच 'पुट्टस्वामी' प्रकरणात तो निर्णय स्पष्टपणे गाडणाऱ्या निकालपत्राचे लेखक न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, आणि १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड होते, हेही इथे नमूद करण्याजोगे आहे.

अल्पमत

सनदधारक यांनी दिलेली कसोटी मला पटते, पण ती अमेरिकेच्या दोन उदाहरणांवर घासून पाहावी, कारण तिथे हा वाद सर्वांत उघडपणे झाला आहे.

'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य करून वांशिक विभाजनाला अभय देणारा 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' हा निर्णय १८९६ चा. तो १७ मे १९५४ रोजी शाळांच्या बाबतीत 'ब्राउन' निकालाने मोडीत काढला. त्याआधी १९३८ आणि १९५० मध्ये न्यायालयाने कायद्याच्या आणि उच्च शिक्षणाच्या संस्थांबाबत 'समान' या शब्दाची इतकी कठोर तपासणी केली होती, की 'वेगळे' टिकवणे जवळजवळ अशक्य झाले होते. जमीन आधीच सरकलेली होती. शिवाय सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी नऊही न्यायमूर्तींना एका निकालपत्राखाली आणले. तरीही दक्षिणेतल्या राज्यांत हा निर्णय किती नावडता ठरला, हे १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सोडण्यासाठी लष्कर पाठवावे लागले यावरून कळते. म्हणून अधिमान्यता, म्हणजे निकाल नावडला तरी न्यायालयाचा अधिकार मानला जाणे, आणि लोकप्रियता यांची गल्लत करू नये. 'ब्राउन' पहिल्या दिवशी एका मोठ्या प्रदेशात अत्यंत अप्रिय होता, पण ज्यांना तो अप्रिय होता त्यांच्या मुलांच्या पिढीने तो देशाचा कायदा म्हणून स्वीकारला.

आता 'डॉब्स'. १९९२ मध्ये 'केसी' प्रकरणात 'रो' फिरवण्याची संधी न्यायालयापुढे आली होती. तेव्हा ओकॉनर, केनेडी आणि सूटर या तिघांनी संयुक्त निकालपत्रात असे म्हटले की राजकीय दडपणाखाली, नवे सबळ कारण नसताना, इतका महत्त्वाचा निर्णय फिरवला तर न्यायालय तत्त्वावर चालते यावरचा लोकांचा विश्वासच ढासळेल. 'डॉब्स'मधील न्यायमूर्ती ॲलिटो यांच्या बहुमताने याला थेट उत्तर दिले, की लोक काय म्हणतील या विचाराचा निकालावर परिणाम होऊच देता कामा नये. हे उत्तर वरवर टाकून देण्यासारखे नाही. न्यायालय दुबळे दिसेल या भीतीने एखादा निर्णय टिकवला, तर तोही लोकांकडे डोळे लावूनच दिलेला निकाल ठरतो, आणि 'केसी'तली ही उणीव मला नेहमी खटकत आली आहे.

पण भिन्नमत नोंदवणाऱ्या तिघांचा आक्षेप याहून खोल होता. १९९२ नंतर कायद्यात किंवा वस्तुस्थितीत निर्णय फिरवण्याइतके काहीच बदलले नाही, बदलली ती न्यायालयाची रचना, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. 'रो' पूर्णपणे रद्द करणाऱ्या पाचांपैकी तिघे २०१७ ते २०२० या काळात नेमले गेले होते, आणि त्यांना नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनी आपण नेमलेल्या न्यायमूर्तींमुळे 'रो' रद्द होईल असे २०१६ च्या प्रचारातच सांगितले होते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी 'डॉब्स'मध्ये आव्हान दिलेला, पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालणारा मिसिसिपीचा कायदा वैध ठरवला, पण तेवढ्यावर थांबावे, 'रो' समूळ उपटण्याची या प्रकरणात गरज नाही, असे सुचवले. ते एकटे पडले.

म्हणून इतिहासवाचक यांच्या प्रश्नाला मी दुसरी कसोटी जोडेन. ज्याच्या विरोधात निकाल गेला, त्याला 'या जागी दुसरे न्यायमूर्ती असते तरी निकाल हाच लागण्याची शक्यता होती' असे प्रामाणिकपणे मानता येते का? न्यायालयाकडे ना सैन्य असते ना तिजोरी, आणि हरलेल्या पक्षाने निकाल मुकाट्याने पाळणे हाच त्याच्या सत्तेचा सगळा आधार असतो. जिंकलेला पक्ष न्यायालयाची स्तुती करतोच, तिचा या हिशेबात काही उपयोग नाही.

याची एक चांगली साक्ष २००० सालच्या 'डिकरसन' निकालात आहे. पोलिसांनी आरोपीला त्याचे अधिकार सांगण्याचा 'मिरांडा' नियम १९६६ चा. त्यावर वर्षानुवर्षे टीका करणारे आणि त्याची व्याप्ती कमी करणारे सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी, तो रद्द करण्याची संधी समोर आली तेव्हा, सात विरुद्ध दोन अशा बहुमताचे निकालपत्र स्वतः लिहून तो कायम ठेवला. हा नियम पोलिसांच्या रोजच्या कामात रुजून गेला आहे, हे त्यांनी दिलेले एक कारण. नावडता निर्णय टिकवणाऱ्या न्यायमूर्तीच्या शब्दाला नंतर एखादा निर्णय फिरवताना वजन येते.

पानाआडून

जर्मनीचा उल्लेख अजून आला नाही म्हणून थोडक्यात भर घालतो. तिथल्या संघीय घटना न्यायालयाची प्रत्येकी आठ न्यायाधीशांची दोन सिनेट आहेत. एका सिनेटला दुसऱ्याच्या कायदेविषयक मतापासून दूर जायचे असेल, तर प्रश्न सोळा जणांच्या संयुक्त पीठापुढे न्यावा लागतो. म्हणजे आपल्या मोठ्या पीठांसारखीच अडचण तिथे लिखित कायद्याने सोडवली आहे.

घटनाभ्यासक

अल्पमत यांची दुसरी कसोटी आकर्षक आहे, पण ती केवळ मतांच्या आकड्यांनी लावली तर भारताचा सर्वांत महत्त्वाचा निर्णयच नापास होईल, म्हणून थोडे थांबावे अशी विनंती आहे.

संसदेला मूलभूत अधिकारांत दुरुस्ती करता येते का, या एका प्रश्नावर आपल्या न्यायालयाने बावीस वर्षांत दोनदा दिशा बदलली. १९५१ मध्ये 'शंकरी प्रसाद' प्रकरणात पाच जणांनी एकमताने होकार दिला. १९६५ मध्ये 'सज्जन सिंग' प्रकरणात पाचही जणांनी दुरुस्ती वैध ठरवली, पण दोघांनी शंका उघडपणे मांडली. १९६७ मध्ये 'गोलकनाथ' प्रकरणात सहा विरुद्ध पाच असा नकार आला. २४ एप्रिल १९७३ रोजी 'केशवानंद भारती' प्रकरणात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने 'गोलकनाथ' फिरवला आणि सात विरुद्ध सहा अशा बहुमताने सांगितले की दुरुस्ती करता येते, पण राज्यघटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही. एकाच न्यायमूर्तीच्या मताने तोल गेलेला हा निर्णय होता. निकालपत्रे अकरा होती आणि नेमके बहुमत कशावर झाले यावरही वाद झाला. ज्या कसोट्या इथे मांडल्या गेल्या त्यांनुसार हा निर्णय काही वर्षांतच कोसळायला हवा होता.

तो का कोसळला नाही याचा विचार केला की अधिमान्यता निकालाच्या दिवशी पूर्ण होत नाही, हे ध्यानात येते. नोव्हेंबर १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या खटल्यात बसलेल्या पाच न्यायमूर्तींपैकी चार जण 'केशवानंद'मध्ये अल्पमतात होते. तरीही 'केशवानंद' हाच आजचा कायदा आहे असे धरून त्यांनी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती तपासली, आणि पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयीन तपासणीच्या बाहेर काढणारे त्यातील कलम अवैध ठरले. स्वतःला चुकीचा वाटणारा निर्णय त्यांनी सरकारच्या विरोधात लावला, तोही आणीबाणी चालू असताना. मला या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि तिची दखल फार कमी घेतली जाते. त्याच महिन्यात सरन्यायाधीश रे यांनी 'केशवानंद'चा फेरविचार करण्यासाठी तेरा जणांचे पीठ बसवले. ज्येष्ठ वकील नानी पालखीवाला यांनी फेरविचाराला कडाडून विरोध केला आणि दोन दिवसांच्या सुनावणीनंतर ते पीठ विसर्जित झाले. १९८० मध्ये 'मिनर्व्हा मिल्स' निकालाने चौकटीचे तत्त्व आणखी पक्के केले.

आणखी एक कारण निर्णयाच्या स्वरूपात आहे. 'गोलकनाथ'ने संसदेला पूर्ण नकार दिला होता. 'केशवानंद'ने संसदेला दुरुस्तीचा अधिकार परत दिला आणि न्यायालयाकडे शेवटची मर्यादा राखली, त्यामुळे दोन्ही पक्षांना निर्णयात स्वतःचे काहीतरी सापडले.

अधिमान्यतेची चिंता न्यायालयाने स्वतः करावी का, यावर मात्र माझे मत अल्पमत यांच्याहून कठोर आहे. अमेरिकेचे न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी १९३२ मध्ये एका भिन्नमतात केलेला फरक मला मार्गदर्शक वाटतो. बहुतेक बाबतींत कायदा अचूक असण्यापेक्षा स्थिर असणे महत्त्वाचे असते, कारण चूक झालीच तर विधिमंडळ ती सुधारू शकते. राज्यघटनेच्या अर्थाबाबत विधिमंडळाला हा मार्ग जवळजवळ बंद असतो, म्हणून तिथे न्यायालयाने स्वतःची चूक स्वतः सुधारायला हवी. १९७६ मध्ये न्यायमूर्ती खन्ना यांनी लोकांचा विश्वास मोजत बसून लिहिले नाही. त्यांनी लिहिले, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केले गेले तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. आज त्या न्यायालयाच्या नावाला जी प्रतिष्ठा आहे तिच्यात त्या एका मताचा वाटा चौघांच्या बहुमतापेक्षा मोठा आहे.

इतिहासवाचक

सर्वांचे मनापासून आभार. 'केशवानंद'नंतर अल्पमतातल्या न्यायमूर्तींनी तोच निर्णय पाळल्याचा मुद्दा माझ्या वाचनात आला नव्हता आणि त्याने माझ्या प्रश्नाची मांडणीच बदलली. पण एक बाजू अजून उरते. जुन्या निर्णयावर विसंबून ज्यांनी व्यवहार केले, कर भरले नाहीत किंवा शिक्षा भोगली, त्यांचे काय? न्यायालयाची चूक सुधारली जाते तेव्हा तिची किंमत ज्यांच्यावर पडते, त्यांचा विश्वास कसा टिकावा?

सनदधारक

हा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षाही अवघड आहे, कारण न्यायालय कायदा निर्माण करत नाही, फक्त असलेला कायदा सांगते, अशी जुनी भूमिका घेतली की नवा अर्थ आपोआप मागील तारखेपासून लागू होतो आणि विसंबून राहिलेल्या माणसाची बाजू मांडायलाच जागा उरत नाही. 'गोलकनाथ'मध्ये सरन्यायाधीश सुब्बाराव यांनी यावर उपाय म्हणून निर्णय केवळ पुढील काळासाठी फिरवण्याची पद्धत भारतात आणली. तसे केले नसते तर १९५१ पासूनच्या घटनादुरुस्त्यांवर उभे असलेले जमीन सुधारणांचे सगळे कायदे एका दिवसात अधांतरी झाले असते.

इंग्लंडमधले उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. एकत्रित गुन्ह्यात प्रत्यक्ष वार न करणाऱ्या साथीदारालाही, वार होऊ शकतो याची त्याला कल्पना होती एवढ्यावरच, खुनासाठी दोषी धरण्याचा नियम १९८४ पासून चालत आला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये 'जोगी' प्रकरणात मान्य केले की कायद्याने तेव्हा चुकीचे वळण घेतले होते. मात्र जुन्या शिक्षा आपोआप रद्द होणार नाहीत, मुदत उलटून गेलेल्या अपिलात मोठा अन्याय झाल्याचे दाखवावे लागेल, असेही त्याच निकालपत्रात सांगितले. बत्तीस वर्षे नियम चुकीचा होता हे मान्य, पण त्याच नियमाखाली आत गेलेल्याला दार उघडे नाही. जुने सगळे खटले पुन्हा उघडले तर व्यवस्था कोलमडेल हे कारण मला समजते, तरी कैद्याच्या कुटुंबाला ते पटावे अशी अपेक्षा मी करू शकत नाही.

आपल्याकडे २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले की खनिजांवरील स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) हा कर नव्हे आणि खनिजांच्या जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. १९८९ चा सात न्यायमूर्तींचा 'इंडिया सिमेंट्स' निर्णय त्यामुळे मागे पडला आणि ज्या कंपन्या पस्तीस वर्षे त्यावर विसंबून होत्या त्यांच्यापुढे प्रचंड थकबाकी उभी राहिली. निर्णय पुढील काळापुरताच ठेवावा ही मागणी झाल्यावर न्यायालयाने त्या एका मुद्द्यावर संबंधितांना स्वतंत्रपणे ऐकले आणि १४ ऑगस्टला वेगळा आदेश दिला. त्यानुसार मागील तारखेची मागणी राज्यांना करता येईल, पण १ एप्रिल २००५ च्या आधीच्या व्यवहारांसाठी नाही, भरणा १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत होईल, आणि २५ जुलै २०२४ पूर्वीच्या काळाच्या मागणीवर व्याज किंवा दंड आकारला जाणार नाही. हे आकडे योग्य आहेत की नाहीत यावर खाणमालक आणि राज्ये यांचे एकमत कधीच होणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते इतकेच, की निर्णय फिरवण्याची किंमत कोणावर पडते हा प्रश्न न्यायालयाने निकालाच्या तळाशी एका ओळीत न उरकता स्वतंत्र सुनावणीला घेतला, आणि ज्यांच्यावर ती पडणार होती त्यांना निकाल त्यांच्या विरोधात गेल्यानंतरही बोलू दिले.